कानबाईचं कपाळ

१ ऑगस्ट १९७१, रविवार. धुळे
भाऊच्या घरी श्रावणातली कानबाई देवी बसली. बठ्ठे भाऊबंद, झाडून सगळे, जमले. चौरंगावर नारळ, त्याला डोळे, नथ, हिरवं लुगडं. वहिनी आणि चुलत्यांच्या सुना पुढे. जिजीफुई मागच्या दाराबाहेर, पोत्यावर. बाबांची थोरली बहीण ही. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परतली, त्याला चाळीस वर्षं झाली. गाणी सगळी तिलाच येतात. ती बाहेरून ओळ टाकते, आतल्या बायका उचलतात. मध्येच सगळ्या अडल्या तर वहिनी ओरडली, "फुई, पुढे काय?" फुईने सांगितलं. देवीला हात मात्र लावायचा नाही.
मी आत होते. बत्तिशीची, बिनलग्नाची, शाळेत चित्रकला शिकवणारी. मी आत बसलेली चालते. टाळ्या वाजवत बसले. एक शब्द बोलले नाही. लाज.

२ ऑगस्ट
पांझरेवर विसर्जन. फुगड्या, गुलाल. फुई घरी भांडी घासत.
भाऊला विचारलं, "गाणी तिची चालतात, मग हात का नाही?"
"रीत शे." वर, "शिकलीस म्हणून देवीला शिकवू नको."
खोलीवर आले. कॅनव्हास ताणताना हातोडी अंगठ्यावर बसली. बसू दे. कानबाईच काढणार. चेहरा फुईचा.

८ ऑगस्ट
फुई आली खोलीवर. खिडकीशी बसवली. कशासाठी ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गालाची हाडं, हनुवटीवरचं गोंदण, नाक सरळ आणि जरा मोठं. बसल्या बसल्या गुणगुणत होती. म्हटलं, हे गाणं कुणी रचलं? "मीच. आते कोनले सांगू नको." म्हणजे गेल्या रविवारी घरात जे म्हटलं त्यातलं अर्धं हिचं!
कपाळ कोरं. तसंच ठेवणार. बघू दे सगळ्यांना.

२९ ऑगस्ट
चित्र पुरं. नथ, हिरवं लुगडं, कोरं कपाळ. वहिनी डबा घेऊन आली होती, बघून डबा तसाच परत नेला. "विधवेचं तोंड देवीला? घरात लेकरं आहेत आमच्या!" भाऊने निरोप धाडला की फुई आता खोलीवर येणार नाही. म्हणजे शिक्षा चित्र काढणारीला नाही, तिला.
शाळेच्या मुख्याध्यापिका मु. बाईंनी मात्र जळगावच्या शिक्षकांच्या प्रदर्शनाला पाठवायचं ठरवलं. गाडीवर चढवताना हळूच, "कुंकू राहिलंय का हो?"
"राहिलं नाही. मी लावलंच नाही."
त्यांनी चित्रावर कापड नीट ओढलं. पण पाठवलं, एवढं खरं.

१८ सप्टेंबर. जळगाव, परतीच्या एस.टी.त
अक्षर हलतंय, गाडीने.
सभागृहात गेले. माझी कानबाई समोरच्या भिंतीवर. कपाळावर लाल डाग. तैलरंग, जाडच्या जाड, थोडा डावीकडे. अंगठ्याच्या रेषा दिसतात त्यात.
समितीचे अध्यक्ष हसतमुख. "बाई, घाईत राहून गेलं असेल. लोकांच्या भावना असतात. आणि अभिनंदन, दुसरं बक्षीस आहे!"
"हा अंगठा कुणाचा?"
"आता ते कशाला..."
"अंगठा कुणाचा?"
मी पुढे झाले. चित्र खिळ्यावरून काढलं. कुणीतरी म्हणालं, असं नेता येत नाही, नियम आहे. माझ्या चित्राला हात लावायचा नियम कुठला होता?
कंडक्टरने आधी चित्राचं लगेज तिकीट फाडलं, मग त्याला हात जोडले.

१९ सप्टेंबर, रविवार
लिहिलं पाहिजे, नाहीतर उद्या मी मला सोयीचं आठवेन.
सकाळी चित्र भिंतीला टेकवलं, रंग खरवडायची सुरी घेतली. दारात फुई. कुणाला न सांगता, पायी आलेली. चित्र तिने आजच पाहिलं. खाली बसली, जवळ सरकली.
"मी शे का ही?"
"हो. कानबाई."
"नाक मनंच शे." बोट त्या लाल डागाजवळ नेलं, लावलं नाही.
म्हटलं, "ते त्यांनी फासलंय. काढते मी." सुरी टेकवली तर तिने मनगट धरलं. केवढा जोर त्या हाताला!
"ऱ्हाऊ दे."
"अगं, माझ्या चित्रावर त्यांनी..."
"तुना चित्रवर. मना कपायवर." मग, आवाज न चढवता, "तू काढी टाकं, त्यासनी लाई दिधं. माले कोनी पुशं?"
तिला कुणी विचारलं, म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यासाठी दीड महिना भांडतेय, आणि हीच! म्हटलं तसं, तोंडावर. ती उठून गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

२० सप्टेंबर
शाळेत मुलींवर ओरडले. विनाकारण. कोरं कपाळ मला हवं होतं. भाऊच्या तोंडावर मारायला. त्यात फुई कुठे होती?
राग समितीवर आहेच. तो कमी झालेला नाही.

२२ सप्टेंबर
जळगावहून पत्र. आठ दिवसांत चित्र परत लावा, बक्षीस समारंभ आहे. नाहीतर मु. बाईंकडे तक्रार.
संध्याकाळी भाऊच्या घरी गेले. मागच्या दाराने. फुई ज्वारी निवडत होती. भाऊ आतून बघत होता, बघू दिलं. त्याला ऐकू जाईल असंच विचारलं, "फुई, कुंकू ठेवू की काढू? तू सांगशील ते."
ती निवडत राहिली. मी उकिडवी बसून. शेवटी म्हणाली,
"इतला साल कोनी पुशं नही. आते माले दोन दिन इचार करू दे."