हळदीसोबतचं तेल

चांदा, मार्गशीर्ष १९५४

गोकुळे,

"कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्याले पोरगी देऊ काय?" म्हणून तुझ्या बापूजींनी मले हाकललं आणि मधुकरशी तुझं जुळवलं. त्याच्याच तेलाच्या कारखान्यात मी डबे भरून राह्यलो. वर छापलंय 'शुद्ध तिळाचं तेल', आत अर्धं टोळीचं, मोहाच्या बियांचं. उन्हाळ्यात कोणाले कळत नाई, पण थंडीत ते तुपासारखं थिजते.

आज मधुकरची आई म्हणाली, "इस्तारी, नवऱ्याची उष्टी हळद आरमोरीले नवरीच्या घरी जाऊन राह्यली. सोबत तेलाचा लोटा दे. घरच्या लाकडी घाण्याचं भर बाबू, कारखान्याचं नको!"

"हो बाई," म्हटलं, आणि कारखान्याचंच भरलं.

सकाळी तुझ्या मांडवात लोटा उपडा केला तरी थेंब पडणार नाई. जन्मभर टोळी वेचणारी तुझी मावशी वासावरूनच ओरडेल, "अवो, हे तं टोळीचं हाय!" बापूजींचं तोंड मले पाहाचं होतं. लग्न मोडलं तर मोडू दे. नाई मोडलं तर तोच वास अंगाले लावून नांद.

हे पत्र धाडत नाई. लोटा धाडलाय.

तुझा होऊ न दिलेला,
इस्तारी