हातमोजा काढला, मॅडम

प्रिय मॅडम,

आईचा फोन आला तेव्हा तुमची तेरवीही होऊन गेली होती. "तुझ्या लाखनीच्या मॅडम गेल्या रे," म्हणे, अन् लगेच विचारलं, "जेवला काय?" मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणून राहिलो. आज लिहाले बसलो, कारण आज मले भेव वाटून राहिलं. तीन वाजता मोठ्या साहेबासमोर उभं राहायचं आहे. आता सव्वादोन झाले. हैदराबादच्या एका बांधकामावर, ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीबाहेर सिमेंटच्या थैल्यांवर बसलो आहो.

झालं काय, ते पहिले सांगतो. माझं काम क्रेनले माल बांधायचं. लोखंडाच्या गठ्ठ्याले पट्टा घालायचा, वर इशारा करायचा. खाली बिशू उभा राहते, माझा ओडिशाचा जोडीदार. दोरी धरून गठ्ठा सरळ ठेवते. या पट्ट्याले वरून कापडाची खोळ असते, आत नुसते धागे. काल सकाळी डोळे मिटून पट्टा हातातून सरकवत काढला, तं एका जागी आतून पोकळ लागला. वरून खोळ एकदम साजरी! मी म्हटलं, "हा पट्टा मी बांधत नाही."

सुपरवायझर आला. "दिखा, कहाँ कटा है?"

दिसतच नाही तं दाखवू काय? "हात लावून पाहा जी," म्हटलं, तं तो माझ्या हाताकडेच पाहाले लागला. मी हातमोजा काढला होता. इथं ते मोठी चूक धरतात.

"दस्ताना क्यों निकाला? आँख बंद करके पूजा कर रहा था क्या?"

सगळे हासले. बिशूही हासला, मॅडम! गठ्ठा तं त्याच्याच डोक्यावरून जाणार होता. सुपरवायझरनं पट्टा स्टोअरमध्ये टाकला अन् मोजा काढला, काम अडवलं म्हणून माझं नाव मोठ्या साहेबाकडे दिलं.

मी डोळे काहून मिटले, ते तुम्हाले माहीत आहे. बाबा मासे धराले बोडीच्या पाण्यात उतरायच्या आधी पूर्ण जाळं डोळे मिटून हातातून काढत. "डोळा माफ करते, बोट माफ नाही करत," म्हणत. हे मी कोणाले सांगतलं नसतं. तुम्हीच बोलाले लावलं!

सातवीत तपासणीचे साहेब आले होते. मले धडा वाचाले उभं केलं अन् मी मुका. "हा असाच आहे काय?" साहेबानं विचारलं. तुम्ही माझं दप्तर उघडलं, आतून जाळ्याचा तुकडा काढला. मी तो वर्गात लपून विणत असे. वाटलं, आता मार! तुम्ही म्हणाल्या, "रोशन, याच्यात एक गाठ सुटली आहे. साहेबांना शोधून दे. आणि बोलत बोलत शोध."

मी डोळे मिटले. "इथं घट्ट लागून राहिली... इथंही... इथं मले ढिली लागली..."

साहेब हासले. "शुद्ध बोल रे."

"सर, आधी त्याला बोलू द्या," तुम्ही म्हणाल्या. "शुद्धाचं मग पाहू."

गाठ सापडली. मधल्या सुट्टीत तुम्ही मले थांबवलं. "हाताला कळलं ना? मग तोंडानं सांगायचं. समोर कोणी का असेना." त्या दिवसानंतर पोट्ट्यांनी मले ढ म्हणणं काही सोडलं नाही. मी ऐकणं सोडलं.

तरी नववीत शाळा सोडलीच. तुम्ही दोनदा घरी आल्या. मी मागच्या दारानं बोडीवर पळालो. आई म्हणे, "घरी नाही जी." तुम्हाले काय समजलं नसंल?

अन् ते वरठीचं स्टेशन! मी पहिल्यांदा इकडे निघालो होतो. पुलावरून तुम्ही हाक मारली, "रोशन!" मी ऐकली, मॅडम. दुसरीही ऐकली. तोंड फिरवून डब्यात चढलो. तुम्ही विचारलं असतं, काय करून राहिला? काय सांगतलं असतं मी? हजेरीत माझा आवाज मागच्या भिंतीले लागला नाही तं तुम्ही परत परत नाव घ्यायच्या. त्या दिवशी तिसरी हाक आलीच नाही. गाडी सुटली.

पण तुमचंही चुकलं! तोंडानं सांग म्हणून शिकवलं. सांगतल्यावर काय होते, ते काहून नाही शिकवलं?

आत्ता जेवताना सुपरवायझर बाजूले येऊन बसला. "माफी माँग ले. बोल देना, दस्ताना भूल गया था. पट्टे की बात मत निकाल." तुमच्यापासून काय लपवू, मी मनात तेच घोकाले लागलो होतो. काम गेलं तं घरी कोणत्या तोंडानं जाऊ?

मग बिशू आला. आता हासत नव्हता. "सच में कटा है क्या?" मी स्टोअरमधून पट्टा आणला, त्याले मोजा काढाले लावला, त्याचं बोट त्या जागेवर ठेवलं.

"मुझे तो कुछ नहीं लग रहा, भाई."

मीच चुकलो असलो तं? परत डोळे मिटले. पट्टा पहिल्यापासून हातातून काढला, घाई न करता. भरीव... भरीव... अन् तिथंच, पोकळ!

बिशू माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणाला, "तू बोल दे. पाँच बजे इसी पट्टे से माल चढ़ेगा, मैं उसी के नीचे खड़ा हूँ."

पट्टा माझ्या मांडीवर आहे. मोजा काढला त्याची माफी मागीन, ती चूक माझी. पट्ट्याची माफी मागणार नाही. साहेबाच्या हातात पट्टा देईन अन् म्हणीन, डोळे मिटा जी, हात लावा. नाहीच लागलं तं म्हणीन, कापून पाहा. माझी हिंदी तुटकी आहे. शुद्धाचं मग पाहू!

दार उघडलं, मॅडम. आतून माझं नाव घेऊन राहिले. वचन देतो, त्यांना दुसरी हाक मारावी लागणार नाही.

हजर,
तुमचा रोशन