कडीवरची टोपी

४ फेब्रुवारी

फुटले! भट्टीतले सगळे मातीचे मग. आत धग होती तरी दार उघडलं मी. गार हवा लागली आणि तडतड तडतड! एकही धड राहिला नाही.

हे कामावर असते तर झालं नसतं. भट्टी बंद केली की हे आपली टोपी दाराच्या कडीला अडकवायचे. टोपी निघेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. मी जवळ घुटमळले की मागून आवाज यायचाच, "थांब गं." पक्षाघाताचा झटका आल्यापासून ह्यांची वाचा गेली आहे, आणि टोपी खुंटीवर धूळ खाते आहे.

५ फेब्रुवारी

चर्चच्या पाळकबाई येऊन गेल्या. "देवाची वेळ चुकत नाही हो." कबूल! पण तोवर मी काय करायचं, ते कुणी सांगत नाही. रोज गुडघे टेकून एकच मागणं — प्रभू, ह्यांना बोलू दे. आज. आत्ता.

९ फेब्रुवारी

ह्यांना बोलायला शिकवतात त्या बाई (मी बोलबाई म्हणते, तोंडावर नाही) आज कडाडल्याच. ह्यांनी "पा... पा..." सुरू केलं आणि मी "पाणी!" म्हणत पेला पुढे केला. "त्यांचा शब्द तुम्ही का पळवता? सापडू द्या त्यांना!" भयंकर राग आला. तरी जाताना विचारलं, किती दिवस लागतील? "ते माझ्या हातात नाही."

मग भांडी घासताना लक्षात आलं. प्रार्थनेतही माझं हेच! मागते मी, उत्तर सुचवते मी, वर आमेन म्हणून मोकळी. देवाला बोलायला फटच ठेवत नाही.

१० फेब्रुवारी

ठरलं. तोंड शिवून बसायचं. टोपी झटकली आणि जेवायच्या टेबलाशी माझ्या समोरच्या खुर्चीला अडकवली. दिसत राहील.

१४ फेब्रुवारी

नणंद आली होती. जेवताना ह्यांचं अडखळणं तिला बघवेना. "वहिनी, किती छळशील दादाला? मीठ हवंय त्याला, दे की!" नाही दिलं. टेबलाखाली मुठी आवळून बसले. शब्द आलाच नाही. शेवटी ह्यांनी ताट ढकललं. नणंद रडतच गेली. मीही रडले, मोरीत, नळ सोडून.

भीती वाटते. शब्द कधीच आला नाही तर? देवा, तुला घाई नाही, ठीक आहे. मीही इथून हलणार नाही. टोपी तिथेच राहील.

१९ फेब्रुवारी

काही नाही.

२३ फेब्रुवारी

काल भट्टी लावली, टोपी कडीला. आज दार हाताला गार लागलं तेव्हाच उघडलं. सगळे मग शाबूत! शाबासकी द्यायला कुणी नव्हतं, स्वतःच घेतली. टोपी परत खुर्चीवर.

२७ फेब्रुवारी

दुपारी जेवायला बसलो. जेवणाआधीची प्रार्थना पूर्वी ह्यांची असायची, हल्ली मीच करते. मागणं संपलं, सवयीने "आ—" ओठांवर आला. तेवढ्यात ह्यांचा हात माझ्या मनगटावर पडला.

"थां... थां..."

शब्द मला ठाऊक होता. जिभेवर होता. गिळला. जेवण निवत चाललं.

"थांब गं."

भट्टीपाशी म्हणायचे ना, अगदी तसंच! मग डोळे मिटून हे प्रार्थनेचा पहिला शब्द शोधू लागले. मी थांबले.