‘नाइन टन अँकर’मधली उडी आणि माझी इतर मालमत्ता

मी, रेमंड आर्थर ट्रोमन्स, वय सत्तर, राहणार क्रॅडली हीथ, साखळीच्या कारखान्यात अडतीस वर्षे घणावर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज मंगळवार आहे, म्हणजे प्यालेलो नाही. डोके ठिकाणावर आहे. उजवा कान कारखान्याने नेला, डावा ‘टिन बिशप’ या बँडने नेला, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत, हे मी विचारून घेतले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लॉरेन दर रविवारी म्हणते, “बाबा, करून टाका ना एकदाचे कागद!” त्याला दबाव म्हणत नाहीत, त्याला मुलगी म्हणतात.

पूर्वी पबमध्ये बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यांवर मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती कोणाकडे सापडल्यास रद्द समजावीत. विशेषतः ज्यात मी माझे घर एका घोड्याला दिले आहे ते.

कलम १. घर. हे रांगेतले घर मुलगी लॉरेन हिला. पुढच्या खोलीत खिडकीपाशी जमिनीची एक फळी सैल आहे. तिच्यावर पाय जोरात पडला की अख्खी खोली हलते आणि कपाटातल्या कपबशा वाजतात. माझी पत्नी ग्लेनिस लग्नाच्या वर्षापासून “रे, तेवढी फळी ठोक” म्हणत होती, ती तीन वर्षांपूर्वी जाईपर्यंत म्हणत राहिली. जन्मभर मी लोखंड ठोकले, पण ती फळी काही माझ्या हातून झाली नाही. लॉरेनने आधी ती ठोकून घ्यावी.

कलम २. बँकेत असेल ते लॉरेनचे. फार आशा ठेवू नये.

कलम ३. हत्यारे. चिमटे, हातोडे आणि छोटी ऐरण गावच्या संग्रहालयाला द्यावी. खाली माझे नाव लिहावे, आणि “हात लावू नये” असे लिहू नये. हात लावू द्यावा. शेजारीण बलजिंदर संघेरा हिला शिडी द्यायची होती, पण ती या कागदावर साक्षीदार आहे, आणि आमच्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातून छदामही मिळत नाही. म्हणून शिडी आजच कुंपणावरून देऊन टाकली. ती म्हणाली, “रे, मरतोयस की काय?” मी म्हणालो, “नाही गं, आवरतोय.”

कलम ४. माझे चामड्याचे जाकीट जावई ग्रॅहम यास. ते त्याला होणार नाही. मला माहीत आहे. ग्रॅहम गाडीत बासरीचे गाणे लावतो, मागे समुद्राच्या लाटा. त्याने ते जाकीट खुंटीवर टांगावे आणि रोज त्याच्याकडे बघून विचार करावा. बेस गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर लॉरेनला, म्हणजे बासरीचा बंदोबस्त होईल.

कलम ५. रेकॉर्ड. आता मुख्य मालमत्ता.

‘टिन बिशप’ यांची ‘फर्नेस संडे’. पहिली आवृत्ती, ऑक्टोबर १९७३. कव्हरवर पत्र्याचा बिशप भट्टीपुढे उभा आहे आणि हातात धर्मदंडाऐवजी चिमटा आहे. तो चिमटा त्याने उलटा धरला आहे, तेवढी एक चूक मी माफ करतो. ही पाच पोरे टिप्टनची, आमच्यापासून सायकलच्या अंतरावरची. लंडनवाल्यांना वाटते हार्ड रॉक म्हणजे आरडाओरडा. अरे, घणाशेजारी बसून ज्याने कधी डबा खाल्ला नाही, त्याला काय कपाळ कळणार! पहिल्या गाण्यात गिटार आधी काही वाजवतच नाही, नुसती गुरगुरते, आमची भट्टी धरायला लागली की गुरगुरायची तशी. मग ड्रम. धाड. थांब. धाड. मी चोवीस वर्षांचा होतो. रोज सकाळी ज्या आवाजाला शिव्या घालत कामावर जायचो, त्याच आवाजाला कुणीतरी चाल लावली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आले. ग्लेनिसला सांगितले, कांदा आहे. घरात कांदा नव्हता.

रेकॉर्ड घेतली शनिवारी. एक बाजू ऐकून मी दुपारच्या पाळीला पळालो. दुसरी बाजू रविवारी जेवणानंतर लावली. तिच्यावर शेवटी ‘नाइन टन अँकर’, पूर्ण नऊ मिनिटांचे. सहाव्या मिनिटाला गिटार चढत जाते, चढत जाते, मागून ड्रम गडगडत येतो, आता दोघे मिळून आदळणार, आणि तिथेच दीड मात्रा गायब! उडी! अंधारात जिना उतरताना पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसे पोटात होते. मी खुर्चीवरून ताडकन उठलो. “ग्लेनिस! ऐकलंस? काय डोकं आहे! देवाने मापून दिलं असतं तरी असं जमलं नसतं!”

ग्लेनिस म्हणाली, “हो का?” आणि भांडी घासायला गेली.

पुढे आम्ही कारखान्यातल्या चौघांनी ‘द शॅकल्स’ हा बँड काढला आणि पबमध्ये दर शुक्रवारी हे गाणे वाजवले, उडीसकट. दीड मात्रा गाळून वाजवायला आम्हांला सात महिने लागले. ती जागा आली की सगळा पब ग्लास उंच धरून उडी मारायचा. बाहेरगावचा माणूस लगेच ओळखू यायचा: सगळे हवेत आणि हा एकटा जमिनीवर. पबमालक गॉर्डनने शेवटी फळ्यांवरच्या बाटल्यांना दोरी बांधली.

ही रेकॉर्ड लॉरेनला, तिने ती ग्रॅहमच्या हाती देऊ नये या अटीवर.

कलम ६. डेस्मंड डँक्स. हा ग्लेनिसचा थोरला भाऊ, माझा मेव्हणा, एकाच कारखान्यात शेजारच्या घणावर. त्यानेही ‘फर्नेस संडे’ घेतली, पण जानेवारीत. दुसरी आवृत्ती. एकदा म्हणाला, “रे, माझ्या रेकॉर्डमध्ये ती उडी नाही.” मी म्हणालो, “नसणारच. दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने इस्त्री फिरवलीय.” हे कुठल्याही जाणत्या माणसाला कळेल. १९७६ साली ‘टिन बिशप’ डडलीला आले. आम्ही तिघे गेलो. त्यांनी गाणे वाजवले, उडीची जागा आली, आणि उडी न मारता सरळ पुढे गेले! मी गॅलरीत उभा राहून ओरडलो, “चुकलात! परत घ्या!” तेव्हा डेस्मंड चारशे लोकांदेखत म्हणाला, “बस खाली, गाढवा! तुझ्या रेकॉर्डला ओरखडा आहे!”

पहिल्या आवृत्तीला ओरखडा! माझ्या!

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. त्रेचाळीस वर्षे. नाताळात एका टेबलावर बसायचो. “ग्लेनिस, तुझ्या भावाला विचार, मटार हवेत का.” “ग्लेनिस, तुझ्या नवऱ्याला सांग, हवेत.” ग्लेनिस मध्ये बसून दोन्हीकडे मटार सरकवायची. पबमध्ये मी त्याला ‘दुसरी आवृत्ती’ असे नाव पाडले. सगळे तेच म्हणू लागले, पोस्टमनसुद्धा. ग्लेनिस गेल्यावर मटार विचारायला कोणी उरले नाही, मग तो यायचाच थांबला.

आता लिहायचे ते लिहितो. गेल्या नाताळात लॉरेनने मला ‘फर्नेस संडे’ची नवी कोरी रेकॉर्ड दिली, पहिल्या आवृत्तीच्या मूळ टेपवरून काढलेली. तसे कव्हरवरच छापले आहे. मी एकटा असताना लावली. सहावे मिनिट आले. गिटार चढली, ड्रम गडगडला, आणि दोघे व्यवस्थित खाली उतरले. पायरी होती. पायरी पहिल्यापासून होती. मी चार वेळा ऐकले.

तर, मी लिहून देतो की डेस्मंड बरोबर होता. हे वाक्य माझ्या मरणानंतर एकदाच, हळू आवाजात वाचावे. पबमध्ये वाचू नये. जिवंतपणी हे माझ्या तोंडून निघणार नाही, प्रयत्न करून पाहिला आहे, आरशासमोर. म्हणून त्याला मी दुसरा साक्षीदार नेमले आहे. एक तर साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, मी वर वर्तमानपत्र ठेवीन. दुसरे म्हणजे साक्षीदार झाला की त्याला माझ्याकडून काही मिळायचा प्रश्नच मिटतो. लॉरेनला सांगितले, “तुझ्या मामाला म्हणावं, गुरुवारी चारला सहीला ये.”

गुरुवार. खालचा मजकूर सह्यांच्या आधी वाढवला आहे, आणि वर जिथे खोडले आहे ते मीच खोडले आहे.

डेस्मंड साडेतीनला आला. बलजिंदर अजून यायची होती. डेस्मंडच्या हातात काठी, खिशात डुकराच्या तळलेल्या सालींची पुडी, नेहमीची.

“कुठे करायची सही?” म्हणाला. त्रेचाळीस वर्षांत थेट मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“थांब. बलजिंदर येऊ दे. दोघांसमोर आधी मी करायची असते.”

त्याने पुढच्या खोलीत डोकावले. रेकॉर्ड प्लेयरशेजारी दोन्ही ‘फर्नेस संडे’ उभ्या होत्या. जुनी आणि नवी. लपवायला विसरलो.

“नवी आणलीस?”

“लॉरेनने दिली.”

“ऐकलीस?”

“चहा घेतोस?”

“रे. ऐकलीस का?”

“ऐकली.”

“मग?”

“दूध संपलंय,” मी म्हणालो. दूध होते.

डेस्मंड हसायला लागला, ते खोकला येईपर्यंत. मी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, जरा जोरातच मारल्या. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, “म्हणजे ग्लेनीने तुला शेवटपर्यंत सांगितलंच नाही.”

“काय नाही सांगितलं?”

“तू त्या शनिवारी पाळीला गेलास ना, तेव्हा तिने दुसरी बाजू लावली आणि नाचली. ते चार इंची टाचांचे बूट घालून. त्या तिथे.” त्याने काठीने खिडकीपाशी दाखवले. त्या फळीवर. “सुई उडाली ती सरळ ओरखडा काढत गेली. रडत माझ्याकडे आली. म्हणाली, डेझ, उद्या सांगते त्याला. आणि उद्या तू खुर्चीवरून उठलास म्हणे. देवाने मापून दिलं असतं तरी, वगैरे. मग कसं सांगणार? म्हणाली, इतका खूश झालेला मी त्याला लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मला शपथ घातली.”

“अरे, पण डडलीला चारशे लोकांसमोर ओरडलास की!”

“ओरखडा आहे म्हणालो. कुणी पाडला, ते म्हणालो का?”

नव्हता म्हणाला. त्रेचाळीस वर्षे मी या माणसाला दुसरी आवृत्ती म्हणत होतो. एका वाक्यात त्याने माझे थोबाड बंद केले असते. ते वाक्य त्याने बहिणीसाठी पोटात ठेवले आणि मटार मागायला तिचीच मदत घेत राहिला. आणि ती “फळी ठोक, फळी ठोक” म्हणत राहिली आणि मी, बैल, ऐकत राहिलो. या वेळीही घरात कांदा नव्हता.

मी जुनी रेकॉर्ड लावली. सहावे मिनिट आले. गिटार चढली. डेस्मंडने काठी बाजूला ठेवली. या माणसाने पबमध्ये एकदाही ती उडी मारली नव्हती. सगळे हवेत असताना हा गावचा माणूस जमिनीवर उभा राहायचा. आज त्याने माझा खांदा धरला, आणि त्या जागेवर आम्ही दोघांनी, दोघांचे वय मिळून एकशे त्रेचाळीस, उडी मारली. खाली आलो ते त्याच फळीवर. खोली हलली, कपबशा वाजल्या आणि सुई कर्रकन उडाली.

परत लावून पाहिली. जुन्या उडीच्या मागोमाग आता आणखी एक उडी आहे.

डेस्मंड म्हणाला, “ही रे कुठली?”

मी म्हणालो, “पहिल्या आवृत्तीत अशीच आहे.”

त्यामुळे पुढील बदल:

कलम १ मधली फळी ठोकू नये. लॉरेन, खबरदार.

कलम ५ मधली जुनी रेकॉर्ड डेस्मंड डँक्स यास, दोन्ही उड्यांसह. नवी रेकॉर्ड लॉरेनला. त्यामुळे डेस्मंडला साक्षीदार राहता येत नाही. आम्ही गॉर्डनला पबमधून बोलावले आहे, तो एप्रनवरच येत आहे.

कलम ६ मधले “हळू आवाजात” आणि “पबमध्ये वाचू नये” हे शब्द खोडले आहेत. मोठ्याने वाचावे. पबमध्येच वाचावे. पण ओरखडा कुणी पाडला, तो भाग गाळावा. पबमध्ये ती उडी ‘टिन बिशप’चीच राहील.

कलम ७. अंत्यविधीला जुनी रेकॉर्ड लावावी, दुसरी बाजू, शेवटचे गाणे. अंत्यविधीच्या हॉलमध्ये एकूण वीस मिनिटे मिळतात. त्यांतली नऊ माझी, उरलेली पाद्रीबाबांची. सहाव्या मिनिटाला सर्वांनी दोनदा उडी मारावी. शवपेटी उचलणाऱ्यांनी मारू नये. ग्रॅहमने मारावी. डेस्मंडची गुडघ्याची सबब ऐकू नये.

सही: रेमंड आर्थर ट्रोमन्स

आम्हां दोघांच्या समोर रेने सही केली, मग त्याच्यासमोर आम्ही केल्या:

बलजिंदर कौर संघेरा, शेजारीण. (शिडी मिळाली.)

गॉर्डन फेलोज, पबमालक. (दोरी बदलावी लागणार.)

ठिकाण: क्रॅडली हीथ, पुढची खोली, खिडकीपासून लांब.
तारीख: १४ मार्च २०१९.

डेस्मंड जेवायला थांबला आहे. मटार हवेत का, हे मी त्याला स्वतः विचारले. हवेत म्हणाला.