तुमची चाल आणि टीव्हीतला खुनी

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावण्यात काही अर्थ उरलेला नाही, तरी मी रागावते. काल संध्याकाळी तुमच्या नातवाला, म्हणजे माझ्या धाकट्याला, मी त्या टीव्हीवरच्या सिनेमाबद्दल सांगितलं. तो इथे पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसलेला असतो. म्हणाला, "थांब आई, शोधून देतो." बराच वेळ शोधलं त्याने, कोणाकोणाला फोन केले. मग येऊन म्हणाला की तेव्हा टेपा महाग असायच्या, एकदा दाखवून झालं की त्याच टेपेवर दुसरं काहीतरी भरायचे, तेव्हा तो सिनेमा आता जगात कुठेही नाही. मी म्हटलं, बरं झालं, ब्याद गेली. आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवत बसले.

त्याला तुमच्याबद्दल एवढंच माहीत आहे की आजोबा पिंपरीला कंपनीत, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होते. त्याआधी तुम्ही तमाशात नाच्या होता हे मी कालच पहिल्यांदा सांगितलं. नाच्या म्हणजे काय हेही सांगावं लागलं. पुरुषाने लुगडं नेसून बाईसारखं चालायचं, लाजायचं, लोकांना हसवायचं, आणि हसता हसता त्यांना क्षणभर असं वाटायला लावायचं की समोर खरोखरच बाई आहे. धम्म घेतल्यावर तात्यांनी, तुमच्या थोरल्या भावाने, सांगितलं की लोकांपुढे कंबर हलवून पोट भरायचे दिवस आता संपले. तुम्ही वाद घातला नाहीत. घुंगरं तात्यांच्याच हातात दिलीत आणि गाव सोडून कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिलात. तात्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. फडावर तुमच्या वाट्याला काय काय आलं होतं ते आईने मला पुढे सांगितलंय, ते इथे लिहायचं नाही.

पण घुंगरं काढली म्हणून पाय थोडेच बदलतात. तुम्ही शिफ्ट सुटल्यावर डबा हलवत कॉलनीच्या रस्त्याने यायचात तेव्हा पाऊल पुढे पडायचं आणि कंबर क्षणभर मागेच राहायची, मागून कोणी हाक मारल्यासारखी. मग ती सावकाश पावलाला येऊन मिळायची. माणसं बघत राहायची. गेटवरचा वॉचमन त्या मऊ चालीवरून लांबूनच म्हणायचा, "आलं बघा आमचं लोणी." तुम्ही त्याला नमस्कार करून पुढे. चेष्टा व्हायची, पण तिला विखार नव्हता. कंपनीच्या गॅदरिंगमध्ये नाच बसवायला तुम्हीच लागायचात, आणि मशीनपुढे गप्प असणारी थोराड माणसं तुम्ही सांगाल तसे हात वळवायची. तुमच्या मनात एकच होतं. कॉलनीच्या सभागृहात पोरांसाठी नाचाचा वर्ग काढायचा आणि प्रेसच्या त्या धाडधाडीतून लवकर मोकळं व्हायचं. कॉलनीचे व्यवस्थापक साहेब हो-नाही करत होते. "लोकांना जरा कळू दे तुम्ही कोण ते, मग बघू," असं त्यांचं चाललेलं.

आणि मग टीव्हीवाले आले. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्यांना तमाशाच्या फडात घडणारी एक रहस्यकथा करायची होती, टीव्हीसाठीच. फडातल्या नाचणाऱ्या बायकांचे एकामागून एक खून होतात आणि मुंबईचा इन्स्पेक्टर येऊन छडा लावतो, असं काहीतरी. त्यांना जुन्या पद्धतीचं चालणं-नाचणं शिकवणारं माणूस हवं होतं. कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. दिघीहून तात्या मुद्दाम आले, चहा न घेता उंबऱ्यातच बसले आणि म्हणाले, "परत त्याच उकिरड्यावर चाललास व्हय?" तुम्ही म्हणालात, "न्हाई तात्या. तवा आपण लोकांच्या दारात जात व्हतो. आता त्ये आपल्या दारात आल्यात, शिकवा म्हणत्यात." तात्या काठी टेकत उठून गेले. पण तुमच्या आवाजात जी ऐट होती ती मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, आणि नंतर तर नाहीच.

शिकायला तो नट आला. देखणा, पुण्याकडचा, शुद्ध बोलणारा. त्याने पहिल्याच दिवशी नारळ आणला, तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तुम्हाला उस्ताद म्हणाला. कोणीतरी पढवून पाठवलं असणार, पण तुम्ही विरघळलात. नारळ घेतला की शागीर्दापासून काही झाकून ठेवायचं नाही, ही तुमच्या फडाची रीत. सुट्टी टाकून तुम्ही त्याला घरापुढच्या पटांगणात घेऊन चालत होतात. मी पायरीवर बसून गृहपाठ केल्यासारखं करतेय, आई आत भाकरी थापतेय, आणि बाहेर एक पन्नाशीचा माणूस एका उंचापुऱ्या तरुणाला सांगतोय, "घाई न्हाई. कमरंला मागं ऱ्हाऊ द्या. ती येती आपसूक." तो चुकायचा, तुम्ही पुन्हा चालून दाखवायचात. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तुम्हाला त्याचं काही नव्हतं.

शेवटी शेवटी तुम्ही त्याला ते दिलंत जे आम्हालाही कधी दाखवलं नव्हतं. बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, जायच्या आधी वाकून भुईला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा, पदर कमरेला खोचायचा आणि एक श्वास सोडून मग पहिलं पाऊल टाकायचं. तुमच्या उस्तादाने तुम्हाला तसं शिकवलं होतं. हे करताना तुमचा चेहरा असा झाला की मी पुस्तकात डोकं घातलं. त्या नटाने ते एकदाच पाहिलं आणि पहिल्याच फेरीत बिनचूक केलं. तुम्ही आईला हाक मारून म्हणालात, "बघ गं, बघ. ह्येला म्हंत्यात शिकणं."

त्या दिवशी तो आमच्याकडे जेवला. बोंबलाचं कालवण होतं, नाकातून पाणी आलं त्याच्या, तरी मागून घेतलं. आईने वाढता वाढता सरळ विचारलं, "तुमचं काम काय हो त्यात?" तो ताटाकडे बघत म्हणाला, "लहानसंच आहे, वहिनी." आई अजून काही विचारणार, तेवढ्यात तुम्ही तिला गप्प केलंत. "शागीर्दाला असं इचारायचं नसतं. मागंल त्ये द्यायचं, त्येचं काय करायचं त्ये त्येचं." आईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तो गेल्यावर भांडी आवरताना मला म्हणाली, "ह्या पोराच्या घशात घास अडकलेला. बोंबील न्हाई, दुसरं कायतरी." आईला माणसं कळायची. तुम्हाला फक्त पावलं कळायची, दादा.

शनिवारी संध्याकाळी सिनेमा लागणार म्हणून सभागृहातल्या टीव्हीचं लाकडी कपाट आधीच उघडून ठेवलेलं. व्यवस्थापक साहेबांनी फळ्यावर लिहिलं होतं, आपल्या कॉलनीतील कलावंताने नृत्य शिकवलेला कार्यक्रम. त्याखाली लिहिलं होतं, नृत्यवर्ग पुढच्या रविवारपासून. माणूस मावत नव्हतं. तुम्हाला पुढे खुर्ची दिलेली. तुम्ही तात्यांना निरोप धाडून बोलावलं होतं आणि ते आले होते, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर, काठी दोन गुडघ्यांत धरून.

सिनेमा अगदीच सुमार होता. खोटं कशाला बोलू, मला तर आधी हसूच येत होतं. तंबू म्हणून एक पडदा टांगलेला आणि कोणी जवळून गेलं की तो हलायचा. ढोलकीवाल्याचा हात एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. इन्स्पेक्टर भर उन्हाळ्यात रेनकोट घालून फिरत होता. पहिली नाचणारी मेली तेव्हा तिचं पोट वरखाली होताना सगळ्यांना दिसलं आणि मागून कोणीतरी ओरडलं, "जित्ती हाय राव अजून." सभागृह हसलं, तुम्हीही हसलात. मध्ये चित्र गेलं, क्षमस्वची पाटी आली, लोकांनी तंबाखू मळून घेतली. तुमचा नट फडातला नाच्या झाला होता. तो छान विनोद करायचा, चालायला लागला की बाया म्हणायच्या, "अगं बाई, हुबेहूब दादाच." तुम्ही मान थोडी खाली घातलीत, लाजल्यासारखी.

मग शेवटाकडे आलं. अंधाऱ्या पडद्यामागे कोणीतरी उभं आहे, फक्त हात दिसतोय. तो हात खाली येतो, भुईला लागतो, वर जातो, कपाळाला लागतो. पदर कमरेला खोचला जातो. एक श्वास. आणि ती चाल, पाऊल पुढे, कंबर मागे, सावकाश, झोपलेल्या बाईच्या बिछान्याकडे. सगळे खून नाच्याने केले होते. बायकांना खऱ्या बाईपणाचा मान मिळतो आणि आपल्याला नाही, म्हणून. इन्स्पेक्टरने तसं बोलून दाखवलं, प्रेक्षकांना समजावं म्हणून दोनदा. आणि मग आधीचे खून पुन्हा दाखवले. प्रत्येक वेळी तो आधी भुईला हात लावत होता.

कोणी हसलं नाही आधी. मग लोक एकेक करून मागे वळून बघायला लागले. तुम्ही पुढे बसला होता तरी मागे का वळत होते कोण जाणे. बहुतेक तुमच्याकडे सरळ बघायचं धाडस होत नव्हतं. एका पोराने शीळ घातली. मग हसले. तात्या उठले, काठी टेकत दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले, तुमच्यासाठी. तुम्ही उठला नाहीत. पाट्या संपेपर्यंत बसलात. तुमचं नाव आलं नाही त्यांत. कपाटाची दारं लावली तेव्हा तुम्ही मला म्हणालात, अगदी हळू, "पण पोरगं कुटंच चुकलं न्हाई गं. समदं नीट उचललंय त्येनं."

मला तेव्हा तुमचा इतका राग आला. अजून आहे. तुम्ही त्याला शिव्या द्यायला हव्या होत्या. टीव्हीवाल्यांना पत्र लिहायला हवं होतं, कंपनीतली माणसं घेऊन जायला हवं होतं, निदान आईसारखं त्या नटाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला हवा होता. तुम्ही मार्क देत बसलात. बाहेर तात्या म्हणाले, "आता तरी म्हंशील, सोडलं त्ये बरं केलं?" तुम्ही म्हणालात, "व्हय." त्या एका शब्दाने तुमचं सगळं संपलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी वर्गाला कोणी आलं नाही. व्यवस्थापक साहेबांनी किल्ली दिली, पण स्वतः आले नाहीत. तुम्ही, गॅदरिंगला वाजवणारा ढोलकीवाला आणि मी. आईने मला मुद्दाम पाठवलं होतं, एरवी ती मला नाचू देणाऱ्यांतली नव्हती. खालच्या रस्त्याने पोरी जात होत्या, त्यांच्यातल्या एकीची आई मोठ्याने म्हणाली, "असल्या माणसाकडं कशा पाठवायच्या पोरी?" ती आमच्याकडे चटणी मागायला यायची. तुम्ही मला उभंसुद्धा केलं नाहीत. ढोलकीवाल्याला म्हणालात, "थोडं वाजव आन् मग जाऊ." त्याने वाजवलं. मग सतरंजी गुंडाळून आपण घरी आलो. फळ्यावरची ओळ दुसऱ्या आठवड्यात पुसली गेली.

कंपनीत काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, ते मला वॉचमनच्या मुलीकडून कळलं. तुम्ही मशीनकडे निघालात की कोणीतरी वाकून भुईला हात लावायचं आणि बाकीचे अंग चोरून ओरडायचे, "वाचवा." रोज. ज्यांचे हात तुम्ही गॅदरिंगला वळवले होते तेच. मग तुम्ही चालणं बदललंत. एका आठवड्यात नाही झालं ते, पण झालं. पाठ ताठ, पाय दगडासारखे उचलून टाकायचे, कमरेला काही नाहीच. पोलीस पाटील चालावा तसे. पहिल्या दिवसांत तुम्ही त्या नव्या चालीने अडखळायचात, आणि मी खिडकीतून बघायचे. पुढे अडखळणंही थांबलं. प्रेसवरून तुम्ही सुटला नाहीत, रिटायर व्हायच्या आतच गेलात, आणि गेलात तोवर तसेच चालत होता. तात्या मयताला म्हणाले, शेवटी शेवटी माझा भाऊ माणसासारखा चालायला लागला होता. ते प्रेमानेच म्हणाले. मला ते ऐकून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

तो नट नंतर बऱ्याच कार्यक्रमांत दिसला. मोठा झाला नाही, पण दिसत राहिला. आपल्याकडे पुन्हा आला नाही. आला असता तरी तुम्ही त्याला जेवायलाच बसवलं असतंत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून एक लिहून टाकते. तुमचे दोन फोटो आहेत माझ्याकडे, एक कंपनीच्या पासवरचा आणि एक माझ्या लग्नातला. दोन्हींत तुम्ही उभे आहात, ताठ. मी डोळे मिटून तुम्हाला कॉलनीच्या रस्त्याने आणायला जाते, तर येता ते त्या नव्या चालीनेच येता, जुनी मला आता आठवत नाही. ती फक्त त्या सिनेमात, त्या नटाच्या अंगात शिल्लक होती. काल पोरगा कॉम्प्युटरवर शोधत होता तेव्हा मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते. तो खुनी सापडावा म्हणून मी जीव मुठीत धरला होता, दादा. मला त्याला चालताना बघायचं होतं.