हरिणीच्या शाळेतल्या मैत्रिणी

हरिणी,

तू मुलाखतीहून परत येशील तेव्हा मी गावी, सिरसिल्लाला जाणाऱ्या बसमध्ये असेन. किल्ली खाली घरमालकीण आंटीकडे आहे. डोशाचं पीठ आजच संपव, फार आंबलंय. गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी माझ्या आईची आहे, ती नेतेय.

लूपची असाइनमेंट तू माझ्या लॅपटॉपवरून उचललीस, त्याचं काही नाही. अमीरपेटेतल्या कोडिंगच्या क्लासांत सगळेच उचलतात. पण निदान ॲरेच्या यादीतली नावं तरी बदलायचीस! दोघींच्या स्क्रीनवर मल्ली, गंगी, राजी दिसल्यावर सर विचारणारच होते, "ही नावं कुणाची?" तू पटकन म्हणालीस, "माझ्या शाळेतल्या मैत्रिणी, सर." भर वर्गात "त्या आमच्या म्हशी आहेत" म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि ती रेटणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं. चोर मी ठरले, मुलाखतीला सरांनी तुला पाठवलं.

तुझा लूप शेवटच्या नावानंतरही एकदा जास्तीचा फिरतो. ॲरेची मोजणी शून्यापासून असते, बाई. माझ्या प्रोग्राममधली ती चूक मी नंतर दुरुस्त केली होती. सरांनी तेवढंही बघितलं नाही.

आणि कंपनीत कुणी तुझ्या मैत्रिणींची चौकशी केलीच, तर सांग की त्यातली राजी आता नाही. माझी इथली फी भरायला वडिलांनी तिला विकली.

स्वरूपा