समुद्रातली मुळी

५ सप्टेंबर
ती बाई आज परत दुकानात आली. मागच्या वेळी कवड्यांची माळ घेऊन गेली होती. घेतली, पिशवीत कोंबली, चालू लागली. देवीआईची माळ घेणारी बाई आधी ती डोळ्यांना लावते, मग गळ्यात घालते. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.
आज काहीच घेतलं नाही. परड्या बघितल्या, शंख उलटे करून बघितले, मग भिंतीवरच्या काचेच्या चौकटीकडं बोट केलं. "हे इंद्रजाल कुठून येतं हो?"
गिऱ्हाईक विचारतं, खरं आहे का. नाहीतर विचारतं, कुठल्या दाराला लावायचं. कुठून येतं, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मालकांना विचारा. मालक म्हणजे आमचे हे. तर हे गल्ल्यावरून उठले आणि चहा सांगायला निघून गेले. एरवी चहा सांगायचा तर तिथूनच ओरडतात.

६ सप्टें.
शेजारच्या कुंकूवाल्याने पाठवली असेल तिला. त्याचा आमच्या दुकानावर डोळा आहे.
आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, बोलून दाखवलं. त्या सकाळपासून कवड्या ओवत बसतात, नवरात्र तोंडावर आलंय. मान वर न करता म्हणाल्या, "शकू, तू देवीच्या वटीतला नारळबी हलवून बघशील, पाणी हाय का न्हाय." पलीकडचा कुंकूवाला हसला. बघा, कान इकडंच असतात त्याचे.

७ सप्टें.
दुकान उघडलं तर इंद्रजालाच्या सगळ्या चौकटी गायब. ह्यांनी पहाटेच घरी माळ्यावर नेऊन ठेवल्या.
"का हो?"
"त्या बाईची नजर लई वंगाळ हाय."
नजर लागू नये म्हणून जी वस्तू लोक दाराला लावतात, तिलाच नजर लागायला लागली तर मग झालंच!
वाळक्या झुडपासारखं असतं ते. काळं, जाळीजाळीचं, पसरट. समुद्रातली मुळी आहे, अमावास्येला काढावी लागते, असं हे गिऱ्हाइकाला सांगतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे समुद्राला गेल्याचं मला आठवत नाही. अण्णा आणतो ते. अण्णा म्हणजे आम्हाला कवड्या, शंख पुरवणारा. ह्यांचा जुना दोस्त.

९ सप्टें.
पितरांचे दिवस. गिऱ्हाईक नाही. हे सोलापूरला गेलेले. आणि नेमकी आजच बाई आली, संगती एक माणूस घेऊन. सावळा, काटक, आपल्यातलाच वाटावा. मराठीचा एक शब्द येत नाही त्याला. श्रीलंकेचा म्हणे!
बाईने स्वतःहून सांगितलं सगळं. (सगळं सांगणाऱ्यावर मी आणखी कमी विश्वास ठेवते.) समुद्राच्या तळाचं रक्षण करायचं काम. आपला देश आणि त्यांचा देश मिळून करतात. दोघांच्या मधल्या समुद्रातनं लोक हे इंद्रजाल चोरून खरवडून काढतात. आधी आपले म्हणायचे तुमच्या होड्या नेतात, त्यांचे म्हणायचे तुमच्या. आता दोघं एकत्र बसून माल कुठून कुठं जातो ते शोधतात. विकणं गुन्हा आहे म्हणाली, आपल्याकडेसुद्धा.
दोन देश एकत्र बसले आणि त्यांना आमची गल्ली सापडली. इथं नळाला पाणी कधी येतं ते विचारायला कुणी येत नाही.
मी सरळ विचारलं, "कवड्यांचं काय? उद्या आमच्या आईची माळ बंद करणार का?"
"नाही हो. ह्या साध्या कवड्या आहेत, त्यांना काही नाही."
आज नाही म्हणतात. उद्याचं कोण सांगावं!
श्रीलंकेच्या माणसाने आत्याबाईंच्या ताटातली कवडी उचलली, जमिनीवर टाकली, हसला. त्याची आजी कवड्यांनी खेळायची, बाईने सांगितलं. आत्याबाई लगेच विरघळल्या. "आमीबी खेळायचो की रं बाबा!" त्याला गूळ-शेंगदाणे दिले. मला दिसत होतं, घरात शिरायची ही रीत असते.
इंद्रजाल आहे का विचारलं. मी म्हणाले, नाही. दुकानात नव्हतंच.

त्याच दिवशी, नंतर
लिहायचं राहिलं. जाताना त्याने मोबाइलवर दाखवलं. पाण्याखाली ते जिवंत असतं. जांभळं, कुठं लाल. सगळी मिळून एका बाजूला कलतात, मग दुसऱ्या बाजूला. मुळी नाही, जीव आहे म्हणे. पुढच्या फोटोत तीच जागा, नुसता खडक.
मोबाइलमध्ये आजकाल काय वाटेल ते दाखवता येतं.
पण ते कलणं काही डोळ्यापुढून जाईना. त्या माणसाचं हसूही गेलं होतं तो फोटो दाखवताना.

१० सप्टें.
मॅडमने कार्ड ठेवलंय. (आता मॅडमच म्हणते, किती दिवस "ती बाई" म्हणू.) म्हणाली, लहान दुकानदार आम्हाला नकोत, माल आणणारा पाहिजे. तुमचं नाव पुढं येणार नाही.
नाव पुढं येणार नाही असं सांगूनच माणसाला पुढं करतात.
अण्णाचं नाव ह्यांना विचारल्याशिवाय कसं घेणार? आणि ह्यांना विचारायचं तर…

१२ सप्टें.
शेवटी विचारलंच. जेवायला बसले होते. आत्याबाई देवळात गेल्या होत्या.
हे हसायलाच लागले. "आगं येडे, खोटं हाय ते! पलाष्टिक. साच्यात काढत्यात, वरून काळा रंग. कुठला समुद्र आन् कुठलं काय!"
आधी मला इतकं हलकं वाटलं की मी पण हसले. गुन्हा नाही, पोलीस नाही, काही नाही. भाकरी वाढली. मग तव्यापाशी उभी राहिले आणि ध्यानात आलं. म्हणजे लोकांना आम्ही प्लास्टिक देत होतो. आजारी पोरं कडेवर घेऊन आलेल्या बायांना. ह्याच हाताने मी ते कागदात गुंडाळून दिलं, वर हळदकुंकू लावून दिलं.
"त्या म्याडमला तूच सांग," हे म्हणाले. "पलाष्टिकला कोण धरतंय? तुझ्यावर इश्वास हाय तिचा."
मीच का? इतकं सोपं आहे तर स्वतः का नाही सांगत?
आणि अक्काच्या दाराला लावलंय त्याचं काय! अक्का माझी थोरली बहीण, अणदूरला दिलेली. तिच्या पोराचा मोटारसायकलवरून पडून पाय लुळा पडला होता. तेव्हा ह्यांनीच नेऊन लावलं. पुढं पोरगं चालायला लागलं. अक्का रोज सकाळी त्याला हात लावून मगच गॅस पेटवते.

१३ सप्टें.
बोलले नाही ह्यांच्याशी.

१४ सप्टें.
आजपासून देवी पलंगावर. घट बसेपर्यंत निजलेली. गावात सगळेच जरा हळू बोलतात.
मॅडमला फोन केला. सहज म्हणून विचारलं, खरं-खोटं इंद्रजाल कसं ओळखायचं. म्हणाली, "काडी जाळून बघायची. प्लास्टिक असेल तर वितळून टपकतं. खरं असेल तर केस जळल्याचा वास येतो, जीवच तो."
मग, "ताई, तुमच्याकडे आहे का?"
"शेजाऱ्याकडं आहे," मी म्हणाले. कुंकूवाल्याच्या दिशेने बघून.
मला वाटत होतं मी तिच्यावर पाळत ठेवून आहे. आता ती माझ्यावर संशय घ्यायला लागली. आणि खरं सांगायचं तर बरोबर घेतेय.

१५ सप्टें.
माळ्यावर चढले. एकही चौकट नाही. धुळीत त्यांचे चौकोन तेवढे उमटलेले.
"आन्नाला वापस दिली समदी. उगा डोक्याला ताप कशाला?"
प्लास्टिकला कोण धरतंय म्हणणारा माणूस प्लास्टिक इतक्या घाईने परत कशाला देईल? की खोटा माल विकला हे गावात फुटेल म्हणून घाबरले? दोन्ही पटतं. तेच तर दुखणं आहे. ह्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली आणि दोन्ही पटतं.

१७ सप्टें.
उमरग्याच्या गाडीने अणदूरला आले. ह्यांना सांगितलं, अक्काला बघून येते. "ये जाऊन," म्हणाले. सोडायला स्टँडवर आले. मला चिवडा घेऊन दिला. संशय घ्यावा की डोळे पुसावे कळेना.
अक्काच्या दारावर आहे ते तसंच. वर कोळिष्टक नाही, रोज पुसते. मी म्हणाले, "अक्का, ह्याची एक काडी देतीस का?"
"काय बोलायलीस शके! देवाचं हाय ते. मोडलं तर माझ्या लेकराचा पाय…" तोंडावर पदर घेतला.
आता तिला काय सांगू? प्लास्टिक आहे म्हणू? की जीव आहे, मारून आणलेला, तुझ्या दारावर पोलीस येतील म्हणू? यातलं कुठलं कमी वाईट?
अक्का म्हशीला पाणी दाखवायला गेली. मी पाटावर चढले. मागच्या बाजूची बारीक काडी, कुणाच्या ध्यानात येणार नाही अशी, कडकन मोडली. गॅसवर धरली.
टपकली नाही. आकसली, आणि वास सुटला.
बाहेरून अक्का ओरडली, "शके, बकऱ्याची मुंडी भाजायलीस का काय? पितराचं दिस हायत गं!"
केस धरला गॅसवर चुकून, म्हणाले. ती आत आली, माझं डोकं हुंगून बघितलं, हसली. मला तिथंच रडू आलं. तिला वाटलं केसाला चटका बसला म्हणून.

१८ सप्टें.
परत येताना गाडीत एकच घोकत होते.
हे खोटं बोलले.
किंवा असंही असेल. जगाला प्लास्टिक विकलं आणि माझ्या बहिणीच्या दाराला तेवढं खरं नेऊन लावलं. तिच्या पोराचा पाय होता ना. तसा आहे हा माणूस. आत्याबाईंच्या औषधाला पण थेट धाराशिवला जातो, इथल्या दुकानातलं चालत नाही त्याला.
दुसरं खरं निघावं असं फार वाटतंय. म्हणून त्याचाच जास्त संशय येतो.
आणि मॅडमला खरं सांगायचं तर दाखवायला उरलंय एकच. तेही अक्काच्या दारावर.

१९ सप्टें.
मॅडमचा मेसेज. उद्या येणार, तो श्रीलंकेचा माणूस पण. तो परवा परत चाललाय. समोर राहणाऱ्या लोकांना काय सांगू ते सांगा, असं विचारतोय म्हणे. समोर म्हणजे समुद्रापलीकडं.
त्याला कुणीतरी घरी विचारणार. त्या खडकाशेजारी राहणारं कुणीतरी.

२० सप्टें.
सकाळचा चहा. ह्यांनीच विचारलं, "कमळाक्का काय म्हन्ली?"
"बरी आहे. पोरगं शेतात जातंय आता."
"चांगलं झालं."
मी कप खाली ठेवला. "अक्काच्या दारावरचं? ते पण प्लास्टिकच का?"
बशीतला चहा फुंकत, मान वर न करता म्हणाले, "मग? समदी एकाच पोत्यातली हायत."
वासाचं मी ह्यांना सांगितलेलं नाही. एकाच पोत्यातली, म्हणजे सगळीच खरी. ह्यांनी चहा संपवला, बशी विसळून ठेवली, कधी नव्हे ते.
आत्याबाई विचारतात, तो कवडीवाला पाहुणा यायचाय का आज, गूळ काढून ठेवू का. ठेवा म्हणाले.
दुकानात आलोय. मॅडमचा फोन वाजतोय, स्टँडवर उतरली असणार. हे गल्ल्यावरून म्हणतात, "उचल की."